रथसप्तमीच्या चपला

निलंग्याकडचं शेत धाकट्यावर सोपवून चतुराबाई लातूरला थोरल्याकडे राहायला आल्या, तेव्हा सोबत एक ट्रंक होती आणि सरदार नावाचा उंच, किडकिडीत कुत्रा. ट्रंकेनं कुणाला त्रास दिला नाही. सरदारनं मात्र आधी पायपुसणं फाडलं, मग सुनेच्या नव्या चपला.

"आई, रथसप्तमीला माझं हळदी-कुंकू हाय," वर्षाराणी म्हणाली. "दारात बायकायच्या चपलाचा ढीग पडतो. एक जरी फाटली, तर त्याच दिवशी याला देऊन टाकते कुणाला तरी."

नजर लागली असणार म्हणून चतुराबाईंनी सरदारवरून मीठ-मिरच्या उतरवल्या. तो शिंकला आणि त्यानं झाडू फाडला.

कपाळाला हात लावून त्या पायरीवर बसल्या. सरदार साखळीला. गावाकडे हा गडी दिवसभर बांधाबांधानं हुंगत, सशांमागं धावत असायचा. स्वतःच्या आखडलेल्या गुडघ्यांकडं पाहून चतुराबाईंना हसूच आलं.

"आपुन दोघं बी नुसतं बसून खायलोय रे. रिकामं डोस्कं सैतानाचं घर!"

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ दोघं मैदानावर. दुपारी त्या चिंध्यांच्या पोत्यात भाकरीचे कुटके दडवायच्या, नि सरदार नाक खुपसून धुंडाळत राहायचा. फिरायला निघताना तो त्यांची चप्पल आणायचा. "सोड!" म्हटल्यावर सोडली की कुटका आणि मैदान, चावली की फिरणं रद्द. एक-दोनदा रद्द झाल्यावर गड्याला उमजलं.

रथसप्तमीला बायका जमल्या. विधवा म्हणून चतुराबाई आत बसायच्या नाहीत. एरवी ते त्यांच्या मनाला लागायचं, आज मात्र बरंच वाटलं. चपलांच्या ढिगाशी त्या सरदारला घेऊन बसल्या. तो पोतं धुंडाळून दमला आणि झोपला.

दिवेलागणीला बायका चपला घालून एकेक निघून गेल्या. वर्षाराणी दारात आली.

"आई, माझी एक चप्पल कुठं हाय?"

चतुराबाईंनी वळून पाहिलं. सरदारही जागेवर नव्हता. गुडघ्यांवर हात टेकून त्या उठायला लागल्या.

तेवढ्यात कोपऱ्यातून सरदार आला, तोंडात चप्पल. ती त्यानं वर्षाराणीच्या पायाशी ठेवली आणि शेपूट हलवत बसला. वर्षाराणीनं चप्पल उलटीसुलटी करून पाहिली. दाताची खूणसुद्धा नव्हती.

"असं काय बघायलाय हा?"

"संध्याकाळची फेरी ऱ्हायली न्हवं," चतुराबाई म्हणाल्या. "आज तुला बोलवायलाय."

वर्षाराणीनं पैठणीचा पदर खोचला आणि चप्पल पायात घातली.