जाड्या वहिनीच्या पाटीवरचे अक्षर

मित्रांनो, मी एक जुने चिनी अक्षर आहे. माझा उच्चार पांग आणि अर्थ जाड. माझ्या डाव्या बाजूला पाहून मुले म्हणतात, "हा तर चंद्र!" कसला चंद्र? ते मांस आहे. आणि उजवीकडे आहे 'अर्धे'. फार पूर्वी पूर्वजांपुढे बळी देत, तेव्हा जनावर कण्यातून उभे चिरत. त्या अर्ध्या तुकड्याचे नाव मी! दचकलात ना? आपला जन्म आठवला की मीही दचकतो.

पुढे माझे दिवस पालटले. निवांत, सुखी शरीरालाही लोक मला वापरू लागले. मग गुबगुबीत अंगाला मीच. नव्या वर्षाच्या चित्रात मासा कवटाळून बसलेले गोबरे बाळ पाहिले, की माणसे कौतुकाने माझे नाव घेत. आता मात्र शाळेत पोरे मला दगडासारखे एकमेकांवर फेकतात. कौतुकाचा मी शिवी कधी झालो, ते मला कळलेच नाही.

एका दारावर तेवढा माझा मान टिकून होता. चीनमधल्या काइफंग शहरातल्या एका गल्लीत यान सुहुआ नावाची बाई बाओझी विकते, म्हणजे सारण भरून वाफवलेले गोळे. मोदकासारख्या कळ्या पाडाव्यात तर तिनेच. बाई अंगाने भरलेली, म्हणून गल्लीभर तिला 'जाडी वहिनी' म्हणत. तिने स्वतःच हौसेने दुकानाला तेच नाव दिले आणि काळ्या पाटीवर सोनेरी रंगात मला बसवले. स्वयंपाकीण जाड असली, की गिऱ्हाइकाचा जेवणावर विश्वास बसतो.

मग एका उन्हाळ्यात वहिनी वाळू लागली. गालफडे बसली, गळ्याची हाडे वर आली. पाटीवरून मला सगळे दिसत होते. ती टोपलीभर बाओझी एकटी खायची, घामाने निथळायची आणि तरी झिजायची. कळ्या पाडताना तिची बोटे थरथरत. आणि गल्ली काय म्हणत होती? ऐकून मी हादरलो!

"वहिनी, जादूच केलीत की!" समोरचा तिळाच्या तेलाचा दुकानदार फेइ ओरडायचा. "काय खाता ते आमच्या बायकोलाही सांगा."

"गप रे मेल्या, मला कशाला नजर लावतोस?" वहिनी लाजून हसायची.

सगळी गल्ली एका बाईच्या झिजण्यावर खूश! मला ओरडावेसे वाटे, पण पाटीवरचे अक्षर कसे ओरडणार?

शेवटी सून रूइछिंग म्हणाली, "आई, पाटीवर जाडी आणि खाली तुम्ही ही अश्शी काडी. लोक हसतात हो. 'बारीक वहिनी' करून टाकू."

वहिनीला ते पटले. पाट्या रंगवणारा म्हातारा कुआंग शिडी घेऊन आला आणि त्याने माझ्यावर काळा रंग फासला. स्वतःला पुसले जाताना पाहणे काय असते, ते सांगता येत नाही. माझ्या जागी आता शोउ येणार होता, म्हणजे बारीक. कुआंगने आधी टिंब काढले, मग आडवी रेघ, मग खाली उतरणारी, आणि बाजूला दोन थेंब. तेवढ्यात वहिनी हातात टोपली घेऊन बाहेर आली आणि वर पाहून जागीच थिजली.

"कुआंगदादा, हे काय काढलंत?"

"काय म्हणजे? आजाऱ्याची खाट. आधी तीच काढावी लागते. ताप, दुखणं, खरूज, सगळी अक्षरं हिच्यावरच झोपतात. बारीकसुद्धा हिच्यावरच. आत एक म्हातारा बसवला की झालं."

"माहितेय हो. लहानपणापासून लिहितेय मी हे अक्षर. पण एवढं मोठं, माझ्याच दारावर, माझ्याच नावापुढे..."

टोपली कडाकडा वाजू लागली. कुआंगने ब्रश खाली केला. "वहिनी, तुमचे हात बघा!"

"दोन महिने झाले थरथरतायत. छातीतही धडधडतं. म्हटलं, उन्हाळा आहे."

"आणि मी सगळ्यांना तुमचे बारीक झाल्याचे फोटो कौतुकाने दाखवत हिंडले!" मागोमाग आलेली रूइछिंग म्हणाली. तिने सासूचा अ‍ॅप्रन तिथेच सोडला आणि तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेले.

नंतर दारातल्या बोलण्यातून मला कळले, थायरॉइडची ग्रंथी अति काम करत होती, म्हणून खाल्लेले अंगी लागत नव्हते. डॉक्टरीणबाई संतापल्या, "आणखी अंगावर काढलं असतं तर हृदय गेलं असतं! घरात कुणाला डोळे नव्हते का?"

कुआंगने ती खाट खरवडून काढली आणि काही न घेता मला पुन्हा सोनेरी रंगाने रंगवले. वहिनीवर उपचार सुरू झाले. थंडी सरता सरता तिच्या हाताला स्थैर्य आले, गालावर मांस आले. आमच्या चिनी नव्या वर्षाच्या तोंडावर फेइ तेल घेऊन आला आणि बोलून गेला, "वहिनी, जाड झालात!"

फेइने जीभ चावली. वहिनीने टोपली खाली ठेवली, बाहीने डोळे पुसले आणि म्हणाली, "पुन्हा म्हण बरं."

मित्रांनो, कुणी बारीक झाले तर वाहवा करण्याआधी "बरी आहेस ना?" एवढे विचारा. आणि मला कुणाच्या अंगावर फेकू नका. अर्धा का होईना, मी मांसाचाच आहे, मलाही लागते.