फोन नंबरावर मिशा

हसू नका, मी मिशीवाला डबा बोलतोय. थर्माकोलचा आहे, पण तीस किलोमीटर वर जाऊन आलोय. तुमच्या खानदानात गेलंय का कोणी?

मला बनवलं कामठ्याच्या दामिनीनं. इंजिनिअरिंगला आहे ती. पोटात विमानं ऐकणारं यंत्र बसवलं. विमानाचं असं आहे, कोणी विचारो न विचारो, ते आपलं नाव, उंची, वेग सांगतच फिरतं; पारावरच्या म्हाताऱ्यासारखं. ते मी ऐकायचं आणि आतल्या कार्डावर उतरवायचं. वरच्या थंडीत यंत्र चालतं का, एवढीच परीक्षा. फुगा सोडायची परवानगी एकाच दिवसाची. कार्ड हरवलं तर पोरीचं वर्ष पाण्यात.

फुग्यानं नेलं मला. अगं आई गं, काय ती थंडी! तरी सतरा विमानं ऐकली. मग फुगा फुटला आणि नारिंगी छत्रीला लोंबकळत मी देवरीकडे धानाच्या एका बांधीत उतरलो. माझा ठावठिकाणा कळवणाऱ्या यंत्राची बॅटरी वरच गारठून मेली होती. पण अंगावर दामिनीचा फोन नंबर होता, म्हणून मी निवांत.

शेत वच्छलाबाईचं. धान पिकलेलं, पोपटांचा नुसता धुमाकूळ. बाईनं मला उलटंसुलटं पाहिलं, छत्रीसकट बांबूवर टांगलं आणि कोळशानं डोळे काढले, मिशा काढल्या. मिशा नेमक्या फोन नंबरावर! घ्या, बसा आता बोंबलत.

पाच दिवस दामिनी जंगल धुंडाळत होती आणि मी पोपट हाकलत होतो. सहाव्या दिवशी डोक्यावरून लहानसं विमान गेलं. त्यात तिची मैत्रीण भूमिका होती. बिरसीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकते. तिला नारिंगी कापड दिसलं. विमानं शोधायला गेलेल्या मला शेवटी विमानानंच शोधलं. दुसऱ्या दिवशी दामिनी बांधावर हजर.

"मावशी, हा डबा माहा आहे."

"तुहा कसा? माह्या बांधीत पडला. याले टांगलं तवापासून एक पोपट नाही आला. तू नेला तं धान कोण राखन?"

"मले आतलं कार्डच पाहिजे वो."

"मंग पहिलेच काऊन नाही सांगतलं?" म्हणत बाईनं विळ्यानं माझं पोटच उघडलं.

कार्ड मुठीत धरून दामिनी बांधावरच रडली. मलाही भरून आलं, पण मिशा असल्यावर रडता येत नाही. जाताना तिनं कोळसा घेतला आणि माझ्या मिशांची टोकं जरा वर वळवली.

तेव्हापासून इथंच राखणीला आहे. तुम्हाला हात जोडतो, पोपटांना एवढं सांगू नका, की मी आतून रिकामा आहे.