अप्पा खुर्चीत बसले तेव्हा

उमरग्याच्या जगदेवीनं पुढं आयुष्यात पुष्कळ चित्रं काढली. पण चित्रकला म्हटलं की तिला निजामाच्या राजवटीतली ती एक सकाळच आधी आठवायची.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या आणि चढ लागला की उतारू खाली उतरून ढकलायचे. तशाच एका मोटारीनं तिचे वडील शरणबसप्पा तिला धाराशिवला घेऊन आले. तिथल्या हायस्कुलात चित्रकलेचा नवा वर्ग निघणार होता, मुलींचेही अर्ज घेत होते. शरणबसप्पांचं करडीच्या तेलाचं दुकान. माणूस अबोल. आई गौराबाईनं महिनाभर लावून धरलं, तेव्हा एकदाचे ते "उद्या निघायचं" एवढंच म्हणाले होते.

परीक्षेच्या खोलीत सगळी मुलंच. मुलगी ही एकटी. माणसाचं चित्र काढायचं होतं, पण समोर बसणारा म्हातारा चपराशी नेमका तापानं फणफणलेला. ड्रॉइंगचे मुनीर मास्तर बाहेर गेले आणि व्हरांड्यात उभ्या असलेल्या शरणबसप्पांनाच घेऊन आत आले.

"साब, जरा तकलीफ देतूं. घंटाभर हिलना नहीं."

तिचे अप्पा खुर्चीत बसले. डोक्याला रुमाल, कपाळाला भस्म, दोन्ही हात गुडघ्यांवर.

जगदेवीनं रुमालाचे पेच काढले, खांदे काढले, कोटाच्या गुंड्याही काढल्या. मधे कागद कोराच. मास्तर तिच्या मागं येऊन थांबले.

"चेहरा कुठं गेला, बेटी?"

"अप्पांच्या तोंडाकडं कसं बघू?" ती पुटपुटली. घरात ते आले की मान खाली जायची, जेवायला वाढतानाही ताटाकडंच नजर.

खोलीत हशा पिकला. अप्पांनी ते ऐकलं. ते जागचे हलले नाहीत, फक्त कानडीत हळूच म्हणाले, "नोड, मगळे." मग मराठीत, "बघ की, पोरी. भिऊ नगंस."

तिनं मान वर केली.

हनुवटीवर वस्तऱ्याचा ताजा काप होता. म्हणजे पहाटे उठून, घाईत, ते दाढी करून आले होते. डावी पापणी उजवीपेक्षा किंचित खाली. डोळ्यांखाली काळं. इतकी वर्षं ज्या तोंडाची धास्ती वाटली, ते दमलेलं होतं आणि अनोळखी पोरांपुढं बसून चांगलंच ओशाळलं होतं. एक माशी नाकाच्या शेंड्यावर येऊन बसली, ओठापर्यंत चालत गेली. अप्पांनी बोटसुद्धा उचललं नाही. पोरीचं चित्र बिघडेल म्हणून.

जगदेवी बघतच राहिली. घंटा झाली तेव्हा कागदावर डोळे होते, कपाळ होतं. ओठ काढायचे राहून गेले होते.

निवड झाली नाही. "नजर आहे, हात कच्चा आहे. पुढच्या साली या," मास्तर म्हणाले.

परतीच्या मोटारीत नळदुर्ग मागं पडल्यावर अप्पांनी विचारलं, "मी कसा दिसलो गं?"

"लई दमल्यावानी."

मग त्यांच्या मिशा हलल्या. अप्पांना हसताना ती पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होती.

"दुकान बंद असलं की बसत जाईन म्या तुझ्याफुडं," ते म्हणाले. "हात पक्का व्हस्तोवर."

आणि खरंच, त्या उन्हाळ्यातल्या कितीतरी दुपारी, दुकानाची फळी लावून, तेलाच्या वासात अप्पा पोत्यावर बसले. कधी बसल्या बसल्या डुलकी लागायची, तर कधी आपल्या लहानपणचं काहीबाही सांगत सुटायचे. गौराबाई दारातून डोकावून म्हणायची, "तोंड हलवू नगा की वो!"

पुढच्या साली जगदेवीनं पुन्हा अर्ज केला. त्या वेळी चपराशी ठणठणीत होता, त्याचं चित्र तिनं ओठांसकट पुरं केलं आणि वर्गात तिची निवड झाली.