तापाचा चढ

वॉर्डातल्या सिस्टरांना क्ष-किरण विभागात जायचं होतं आणि त्यासाठीच्या परीक्षेत गणित होतं. चाळिशीत पुन्हा पुस्तक हाती आलं. बाकी सगळं त्यांनी रेटलं, पण डेरिव्हेटिव्हपाशी गाडी अडली ती अडलीच. "आई, पाठ कर आणि मोकळी हो," लेक म्हणायची. पण न कळलेलं गिळायचं, हे सिस्टरांच्या स्वभावातच नव्हतं.

सात नंबरच्या खाटेवर न्यूमोनियाने आलेले एक निवृत्त गणितमास्तर होते. दुपारी सिस्टरांच्या हातातल्या पुस्तकाचं डेरिव्हेटिव्हचं पान पाहून ते म्हणाले, "वक्ररेषेच्या एका बिंदूपाशी असलेला चढ, एवढंच आहे ते."

"चढ काढायला दोन बिंदू लागतात, मास्तर. एकट्या बिंदूला कसला आलाय चढ?"

मास्तरांची कळी खुलली. "माझा ताप आणा इकडे."

सिस्टरांनी खाटेच्या पायथ्याचा तक्ता काढून दिला. त्यावरची टिंबं त्यांनीच गोलाईने जोडली होती; छान टेकडी झाली होती. मास्तरांनी पट्टी ठेवली. "काल सकाळचे आठ आणि दुपारचे बारा. हा झाला चार तासांचा सरासरी चढ. आता दुसरं टिंब पहिल्याकडे सरकवा. दहा. नऊ. साडेआठ."

पट्टी हळूहळू उभी होत गेली. शेवटी दोन्ही टिंबं एक झाली आणि पट्टी रेषेला नुसती टेकून राहिली.

"ही स्पर्शिका. ऐन आठला ताप किती वेगाने चढत होता, ते हिचा चढ सांगतो."

सिस्टरांनी पट्टी आपल्या हातात घेतली आणि टेकडीवरून पुढे नेली. माथ्यावर ती आडवी झाली. "शून्य," त्या पुटपुटल्या. "चढतही नाही, उतरतही नाही." मग पट्टीने मान खाली घातली, आणि सिस्टर एकट्याच हसल्या.

चार वाजता तरुण डॉक्टर आले. "आत्ता एकशे एक. काल सकाळी आठलाही एकशे एकच. औषध बदलावं म्हणतो."

"आकडा तोच आहे, डॉक्टर, पण काल तो चढाचा होता, आज उताराचा आहे. बघा." सिस्टरांनी दोन्ही जागी पट्टी लावून दाखवली.

डॉक्टरांनी तक्ता निरखला आणि औषध तेच ठेवलं.

"पैकीच्या पैकी," उशीवरून मास्तर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ताप गेला. पुढच्या महिन्यात सिस्टर परीक्षेला बसल्या आणि चांगल्या गुणांनी पास झाल्या. मास्तर छातीचा फोटो काढायला आले, तेव्हा काचेपलीकडून त्यांना ओळखीचा आवाज आला, "श्वास धरा, मास्तर. आणि थोडा वेळ बोलू नका, जमलं तर."