वासराचं दावं

सकाळी शेजारच्या अंगणात ठिणगी पडली ती हौदावरून.

"हौदावर फळी टाका म्हणून किती वेळा सांगितलं तुम्हाला? पोरगं रांगायला लागलंय. उद्या आत पडलं म्हणजे?"

"टाकतो."

"कधी? तो लग्नाला आल्यावर?"

"अगं, तू बटाटे काढायला निघालीस की माझा जीव काढायला?"

आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावरून माझी वाटी तिकडे जाते आणि त्यांचं भांडण इकडे येतं. मी भांडी घासत होते, पण कान तिकडेच. शेजारच्या त्या माणसाला सगळं गाव दूधवाला म्हणतं. गाईचं शेण बायको काढते, वैरण बायको टाकते, गोठा बायको धुते. हा फक्त दोन वेळा धार काढतो, कॅन सायकलला अडकवतो आणि डेअरीवर जातो. तिथून येताना दुकानाच्या पायरीवर बसतो तो उन्हं डोक्यावर येईपर्यंत. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! मला त्याचा राग आजचा नाही.

त्यांची दोन पोरं. थोरली पाच वर्षांची. तिला मुंगी म्हणतात, कारण ती कायम स्वतःपेक्षा मोठं काहीतरी उचलून चाललेली असते. बहुतेक वेळा तो भाऊच असतो. भाऊ वर्षाचा, गोल गरगरीत, त्याचं नाव भोपळा. मुंगीच्या कडेवर भोपळा बसला की त्याचे पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबतात आणि ती एका बाजूला वाकून चालते. नुसती उभी असली तरी आता ती वाकडीच उभी राहते. लोकांना त्याचं कौतुक! "कशी गं बाई शहाणी, आईच आहे दुसरी," म्हणतात. माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

"आज तुम्ही घरी थांबा," बायको म्हणत होती. "आभाळ भरून आलंय. बटाटा आज निघाला नाही तर जमिनीत सडेल. पोरांकडे बघायला कुणीतरी हवं."

"मी? पोरं सांभाळू? हे काय बाप्याचं काम आहे?"

"मग शेतात या."

"येतो मागून, पोती घेऊन. घरात आई आहे, मुंगी आहे. दोघी असताना काय धाड भरलीय?"

आई, म्हणजे तिची सासू, उंबऱ्यात गुडघे चोळत बसली होती. "माझ्याच्यानं नाही हो पोराच्या मागं धावणं होत," म्हणाली. "मी आपली बसल्या जागी लक्ष ठेवीन."

बायकोने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा मुंगीकडे. मग कुदळ उचलली. जाताना पोरीला म्हणाली, "बाई, त्याला हौदाकडे जाऊ देऊ नकोस हं." मी माझं दार ओढलं आणि तिच्यासोबत निघाले. आम्ही एकमेकींच्या वावरात फेडीने काम करतो. आज तिचं, उद्या माझं.

दिवसभर आम्ही सऱ्या उकरल्या. माती ओलसर होती, नखांत गच्च बसायची. वारा पडलेला, अंगातून पाणी निथळत होतं. पोती घेऊन मागून येणारा काही आला नाही. शेवटी तिने पदरात बटाटे बांधून बांधावर नेले.  कुदळ मात्र पडायची ती जरा जास्तच जोरात पडायची.

दिवस कलल्यावर आम्ही परत आलो. फाटकाशी पोचलो तोच आतून दूधवाल्याचा आवाज.

"वासरू कुणी सोडलं? कुणी सोडलं वासरू?"

आम्ही आत पाहिलं. गाईची कास चिमलेली. तिच्या पायाशी वासरू पोट टम्म फुगवून, तोंडाला फेस लावून उभं. दिवसभर त्याला अंगणातल्या खुंट्याला बांधून ठेवतात, नाहीतर ते सगळं दूध पिऊन टाकतं आणि डेअरीच्या कॅनमध्ये वारा जातो. आज ते मोकळं होतं. आणि खुंट्याला, वासराच्याच दाव्याने, कमरेभोवती गाठ मारून भोपळा बांधलेला होता. वैरणीच्या ढिगावर पालथा झोपला होता. गालाला काड्या चिकटलेल्या. त्या बांधलेल्या पोराला वळसा घालून बाप गोठ्यात गेला होता आणि वळसा घालूनच बाहेर आला.

"मी सोडलं," मुंगी म्हणाली.

त्याने खाडकन तिच्या थोबाडीत मारली.

ती रडली नाही. गाल धरून वाकडीच उभी राहिली आणि म्हणाली, "दावं एकच होतं बाबा."

तिच्या आईच्या हातातली कुदळ खाली पडली. ती धावली नाही, ओरडली नाही. सरळ खुंट्याकडे गेली, खाली बसली आणि गाठ सोडू लागली. गाठ चांगली बसली होती. पोराच्या कमरेवर लाल वळ उठला होता. तिने त्यावर बोट फिरवलं आणि मग विचारलं, "का बांधलंस गं?"

"आजी म्हणाली गच्चीवर धान्य वाळत घातलंय, कोंबड्या हाकल. मी वर गेले की हा हौदाकडे जायचा. खाली आले की कोंबड्या यायच्या. त्याला घेऊन जिना चढता येत नाही मला. म्हणून बांधला."

पाच वर्षांच्या पोरीने एवढा विचार केला होता. घरातल्या तीन मोठ्या माणसांनी मिळून तेवढा केला नव्हता.

"आणि आजी कुठं होती?"

आजी त्याच वेळी फाटकातून आत येत होती. तीन घरं पलीकडून गप्पा मारून. आल्या आल्या तिने वासरू पाहिलं, मोकळं दावं पाहिलं आणि नातीवर तोंड सोडलं. "पाठच्या भावाला जनावरासारखं बांधलंस गं? हे कुठलं वळण? कुणी शिकवलं?" लेकी बोले सुने लागे, ते आम्हाला कुणी सांगायला नको.

"आई," सून म्हणाली, "तुमचे गुडघे बरे आहेत ना आता? तीन घरं चाललात म्हणून विचारते."

सासूने लगेच गुडघ्यांवर हात ठेवले.

"ते जाऊ दे," दूधवाला मध्ये पडला. "संध्याकाळचं दूध गेलं त्याचं काय? डेअरीवर काय सांगू?"

"सांगा, वासराचं दूध वासराने प्यायलं."

"मस्करी सुचतेय?"

"मस्करी?" ती उभी राहिली. पोर तिच्या खांद्यावर, हाताला कोपरापर्यंत माती. "वासरू सुटलं ते तुम्हाला दारातनं दिसलं. पोरगं बांधलेलं पायाखाली होतं, ते दिसलं नाही? वासराला तुमच्या घरी खुंटा आहे. दुधाला झाकण आहे. धान्याला राखण आहे. माझ्या पोराला काय आहे? ही एवढीशी पोर! आणि तिलाच मारता? तिने पोर वाचवलं तुमचं, हौदात तरंगलं असतं ते!"

"ओरडू नकोस. लोक ऐकतात."

"मी ऐकतेच आहे, भाऊजी," मी म्हटलं. मला राहवलंच नाही. "तुमच्या हातून फळी पडली नाही हौदावर, पण थोबाडीत बरी पडली."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता भिंतीची उंची वाढणार. वाढू दे.

"उद्यापासून मुंगी याला उचलणार नाही," बायको म्हणाली. "पाणी नाही, कोंबड्या नाहीत, भोपळा नाही. ती माझ्याबरोबर येईल. तुमचा मुलगा तुम्ही सांभाळा."

"गाव हसेल मला."

"तुम्ही दुकानाच्या पायरीवर बसता तेव्हा गाव काय रडतं?"

दुसऱ्या दिवशी माझ्या वावराची पाळी. ती आली ती खरंच मुंगीला घेऊन. हौदावर फळी मीच टाकली, दूध-भात कालवून ठेवलाय, म्हणाली, आणि झोपलेल्या पोराला बापाच्या पोटावर ठेवून आलेय. मी एकदा मागे वळून घराकडे पाहिलं. पण ती मान खाली घालून सरीला भिडली, म्हणून मीही भिडले.

दुपारी तो आला. लांबूनच रडण्याचा आवाज. पोराला पोत्यासारखं काखेत मारलेलं, सदऱ्यावर भाताची शितं, खांदा ओला. बांधावर उभा राहून ओरडला, "घे बाई याला! सकाळपासून टेकू दिलं नाही मला."

"माझी सरी व्हायचीय."

"अगं, रडतोय तो!"

"पोरं रडतात."

"आई घ्यायला तयार नाही."

"गुडघे दुखत असतील."

आजूबाजूच्या वावरातल्या बायका कुदळी टेकून हसायला लागल्या. त्याचे कान लाल झाले. पोर हातातून निसटायला लागलं. त्याने ते वर ओढलं, पुन्हा निसटलं. त्याला कसं धरायचं हेच त्याला माहीत नव्हतं. वर्षभर घरात असलेलं पोर!

तेवढ्यात मुंगी धावली. कुणी हाक मारली नव्हती. सवयीने धावली, बापासमोर जाऊन कंबर एका बाजूला काढून उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. बापाच्या तोंडावर अशी सुटका पसरली की काय सांगू. तो लगेच वाकला.

"मुंगे," आई सरीतून म्हणाली, "हात खाली."

पोरीने आईकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं.

"हात खाली घे, बाई. त्यांचं त्यांना धरू दे."

तिने हात खाली घेतले. बाप वाकलेला होता तो हळूहळू सरळ झाला. पोराच्या बुडाखाली एक हात घातला, पाठीला दुसरा लावला आणि उन्हात उभा राहिला. जायचं कुठे तेही त्याला सुचेना. मुंगी आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली. मग तिथेच मातीत बसली, ओल्या ढेकळांची एक रांग लावली आणि तिच्याशी काहीबाही बोलायला लागली. शेजारी राहून पाच वर्षांत मी तिला पहिल्यांदा खेळताना बघत होते, आणि मला तिच्या बापाचा, तिच्या आजीचा आणि तिला शहाणी म्हणणाऱ्या सगळ्या गावाचा असा राग आला की कुदळ बटाट्यावरच बसली.