हळद लागलेली फौज

साताऱ्याच्या जयराजचा एक नियम होता. तो कुठं लिहून लावलेला नव्हता, पण त्याच्याकडे खेळायला येणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ होता: अर्धवट रंगवलेली फौज मेजावर चढणार नाही. शिपाई बोटाच्या दोन पेरांएवढा का असेना, डोळ्यापासून जोड्यापर्यंत त्याला रंग पाहिजे. ज्याची फौज पुरी, तो सरदार. ज्याची अपुरी, त्यानं कडेला बसून चहा प्यावा आणि दुसऱ्याची लढाई बघावी.

नियम वाईट नव्हता. गंमत एवढीच, की गेली तीन वर्षं त्या मेजावर ज्या फौजा एकमेकींच्या उरावर बसत होत्या, त्या सगळ्या आष्ट्याच्या संयोगितानं रंगवलेल्या होत्या, आणि कडेच्या खुर्चीत बसून चहा पीत होती तीही संयोगिताच.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना वाटतं, मिशा पिकलेली माणसं बाहुल्या खेळतात. खेळतात, बिघडलं काय त्यात? पण जुन्या काळची एखादी लढाई मेजावर मांडायची, थर्माकोलच्या टेकड्या करायच्या, टेपनं मोजून घोडदळ पुढं सरकवायचं, फासे टाकून कोण पडला आणि कोण पळाला ते ठरवायचं, आणि मग तीन-चार तास घामाघूम व्हायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही. त्यात चुकीच्या काळाचं पागोटं एखाद्याच्या डोक्यावर दिसलं तर भांडणं होतात, तीही दाखले देऊन.

संयोगिताचा हात मुळात गणपतीचा. रहिमतपूरला माहेरी असताना घराशेजारच्या कारखान्यात ती मूर्तींची आखणी करायची, म्हणजे डोळे काढायची. देवाच्या डोळ्याला चुकीला माफी नसते. अशा हाताला मावळ्याची भुवई काय जड? लग्न होऊन आष्ट्याला आली, नवरा दिग्विजय फौजेत, बाराही महिने कुठल्यातरी सरहद्दीवर. त्याचा शाळासोबती जयराज एकदा चार मोडके घोडेस्वार दुरुस्तीला घेऊन आला, आणि संयोगितानं ते असे परत केले की जयराजनं आपलं कपाटच्या कपाट तिच्या दारात आणून ओतलं.

लढाईच्या दिवशी ती साताऱ्याला जायची. खिडकीजवळ तिची खुर्ची ठरलेली. समोर डिंकाची नळी, ब्रश, चिमटा. कुणाचा भाला मोडला की खेळ न थांबवता तो तिच्या हातात यायचा, "वहिनी, जरा बघा हो." ती बघायची. पण भाला चिकटवताना तिची नजर मेजावर असायची. जयराज उजव्या बगलेचं घोडदळ दर वेळी घाई करून सोडतो आणि दर वेळी तोंडघशी पडतो, हे तिला कधीच कळून चुकलं होतं. सांगणार कुणाला? कडेला चहा पिणाऱ्याला का कुणी मसलत विचारतं?

श्रावणात तिनं एकदा सांगूनच टाकलं, "येत्या दसऱ्याला मी माझी फौज घेऊन येते. तुमच्या मोगलांसमोर माझे मराठे."

जयराज हसला. वाईट मनानं नाही हसला, म्हणूनच ते जास्त झोंबलं. म्हणाला, "वहिनी, तुम्ही रंगवा. लढाईचं आम्ही बघतो."

"आणि माझी फौज पुरी असली तर?"

"तर नियम तो नियम. पण एक जरी शिपाई अर्धवट दिसला, तर मग खुर्ची आपली बरी."

त्या दिवशी आष्ट्याची एसटी धरेपर्यंत संयोगिता स्वतःशीच बडबडत होती. घरी आल्यावर सासूबाईंना, सुलाबाईंना, तिनं पहिली गोष्ट सांगितली ती हीच, "आत्या, दसऱ्याला मी लढायला जाणार हाय."

सुलाबाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, "बरं," म्हणाल्या, आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या. त्यांनी ऐकलं की कानाआड केलं, हे संयोगिताला समजलं नाही, आणि विचारायला तिला सवड नव्हती.

कारण काम डोंगराएवढं होतं. घरचं उरकून, गोठा उरकून, जो वेळ मिळेल तो सोप्यातल्या मेजाशी. औषधाच्या बाटल्यांच्या टोपणांवर एकेक शिपाई चिकटवायचा, काळ्या रंगाचा हात द्यायचा, मग अंगरखा, मग कंबरेचा शेला, शेवटी डोळे. पायाखालच्या मातीसाठी तिनं वाळवलेली चहाची पूड वापरली. पावसानंतरच्या रानाचा रंग तिला त्याहून बरा कशात सापडला नाही. एक पांढरा घोडा तर असा उतरला, की फोनवर दिग्विजयनं त्याला पाहून आपल्या तुकडीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवला.

खंडेनवमीच्या सकाळी सगळी फौज सोप्यातल्या मेजावर रांगेत उभी होती. आता राहिला होता फक्त वॉर्निशचा फवारा. तो एकदा बसला की रंग पक्का होतो, हात लागला तरी जात नाही. हवा दमट होती म्हणून तिनं तो आदल्या दिवशी मारला नव्हता. दमट हवेत मारला तर सगळ्यावर पांढुरकी साय धरते. आणि आज कोरडं ऊन पडलं, तर डबाच फुसकुली सोडून रिकामा झाला. संयोगिता चडफडत नवा डबा आणायला सांगलीला गेली.

परत आली तेव्हा अंगणात खंडेनवमी झालेली होती. ट्रॅक्टरला झेंडूचा हार, विळे, कोयते, खुरपी पाटावर ओळीनं, सगळ्यांना हळदीकुंकवाची बोटं. दरसालचंच. ती चपला काढून सोप्यात आली आणि तिथल्या तिथं थिजली.

फौजेची पूजा झाली होती.

पुढच्या रांगेतल्या भालाईतांची तोंडं अंगठ्यानं हळदीत लिंपली होती. पांढऱ्या घोड्याच्या मानेवर हळदकुंकू ओघळलं होतं. नारळाचं पाणी शिंपडलेलं, झेंडूच्या पाकळ्या तोफेवर, आणि मेजाच्या कडेला उदबत्ती. मागच्या रांगा मात्र नीट होत्या. तिथं प्रत्येकाच्या तलवारीवर, भाल्यावर मोहरीएवढा पिवळा ठिपका होता, कारण बोट मोठं पडायला लागलं तेव्हा सुलाबाईंनी काडेपेटीतली काडी घेतली होती.

"आत्या! आवं हे काय करून ठेवलंय?"

सुलाबाई चुलीकडून आल्या. चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा. "लय बारीक हायती गं. मान धरली माझी. पर एक बी हत्यार सोडलं न्हाई."

"उद्या मला ही घेऊन जायाची होती! दोन महिने डोळे फोडून घेतले मी. तुमाला काय कळतंय का?"

शब्द तोंडातून गेला आणि गेलाच. सुलाबाईंचा चेहरा उतरला. त्या पदराला हात पुसत गोठ्याकडे निघून गेल्या. आयुष्यात पहिल्यांदाच आपण सासूला असं बोललो, हे संयोगिताला त्याच क्षणी समजलं आणि लाज वाटली, पण राग लाजेपेक्षा मोठा होता.

रागात माणसाची अक्कल पेंड खाते. तिनं पांढरा घोडा उचलला, साबणाचं पाणी घेतलं आणि ब्रशनं घासायला लागली. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बघता बघता घोड्याच्या मानेवरून रक्ताचे ओघळ वाहिले. लढाई उद्या आणि घोडा आजच घायाळ.

तिनं ब्रश बाजूला टाकला. सगळं पुन्हा रंगवायला आठवडा लागला असता. जयराजला फोन करावा, "यंदा जमत नाही" म्हणावं, एवढंच उरलं होतं. आणि तो काय म्हणेल ते तिला अक्षर न् अक्षर माहीत होतं. तुम्ही रंगवा, वहिनी.

फोन हातात घेऊन ती तशीच बसली. समोर दारातून अंगण दिसत होतं. हळदीकुंकवानं माखलेला ट्रॅक्टर. दिग्विजयनं तो नवा घेतला तेव्हा त्याला कुणी ओरखडा काढला तर पाणी पीत नव्हता. पण त्याच्या बॉनेटवर आज अख्खा तळवा उमटला होता आणि तो ट्रॅक्टर घाण झाला असं जगातलं कुणी म्हणालं नसतं. कोयत्यांचंही तेच. खंडेनवमीला ज्या हत्याराला हळद नाही, ते घाण. त्याच्याकडे घरानं पाठ फिरवली म्हणायची.

आणि उद्या दसरा. सीमोल्लंघन. जुन्या काळी फौजा मुलूखगिरीला निघायच्या त्या दसऱ्याचं सोनं लुटूनच. मग आदल्या दिवशी त्यांच्या तलवारी पुजल्या नसतील? घोड्यांच्या कपाळी कुंकू लागलं नसेल? तिनं रंगवलेली फौज होती कशी, तर शिंप्याकडून आत्ताच आलेली. आणि आता होती घरातून निघालेली.

संयोगिता उठली. हळद पुसायची नाही, पक्की करायची! तोंडं जिथं लिंपली होती तिथं कातडीचा रंग देऊन हळद फक्त कपाळावर ठेवली. घोड्याची मान पुन्हा पांढरी केली आणि त्याला झेंडूची बारीकशी माळ रंगवली. नारळाच्या पाण्याचे डाग चहाच्या पुडीखाली गेले. हे करताना तिच्या लक्षात आलं की एकच माणूस कोरडा आहे: तिचा सरदार. त्याला हळदीचा ठिपकासुद्धा नाही. तिनं जवळ घेऊन बघितलं आणि कपाळावर हात मारला. एवढ्या गडबडीत सरदाराच्या मुठीत तलवार चिकटवायचीच राहिली होती!

उन्हात फवारा मारून झाल्यावर ती गोठ्यात गेली. "आत्या, चुकलं माझं. नको ते बोलले मी."

"ऱ्हाऊ दे," सुलाबाई म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. पण त्यांनी मान वळवली नाही.

"सरदाराला का सोडलं?"

"हात मोकळा हुता त्येचा. हत्यार न्हाई, तर पुजायचं काय?"

"उद्या सातारला चला माझ्यासंगं."

"मी कशाला गं? मला काय कळतंय त्यातलं?"

तो टोला बरोबर बसला आणि संयोगितानं तो सोसला. "कळतंय म्हणूनच बोलवते," ती म्हणाली. "ठेवणीतलं लुगडं काढून ठेवा."

दसऱ्याला सकाळी साताऱ्यात जयराजच्या माडीवर चार-सहा खेळगडी जमले होते. संयोगितानं फौज मांडली आणि जयराजनं भिंग काढलं. खरोखरच काढलं. एकेक शिपाई उचलून बघायला लागला.

"वहिनी, ह्यांच्या तलवारींवर पिवळं काय सांडलंय? हळद लागलीय की काय? लढाईला निघालेत का लग्नाला?" सगळे हसले. "काम भारी आहे, पण डाग आहेत. अर्धवटच म्हणावं लागेल."

"डाग नाहीत," संयोगिता म्हणाली. "आज दिवस कोणता? दसरा. काल काय होतं?"

जयराज दाखले देऊन भांडणारा माणूस होता. दाखला समोर आला की त्याला ओळखू येई. त्यानं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. मग खिडकीकडे बघितलं. तिथं संयोगिताच्या नेहमीच्या खुर्चीत सुलाबाई अवघडून बसल्या होत्या.

"ही पूजा खरीच केलीय? काकू, तुम्ही?"

"व्हय. काडीनं."

"अहो पण काकू, ही तर खेळण्यातली. हत्यार पुजायचं तर सूनबाईंचे ब्रश पुजायचे. त्यांचं हत्यार ते."

"दरसाली ब्रशच पुजती की मी," सुलाबाई म्हणाल्या. "पर औंदा ती म्हणली, आत्या, मी लढाया जाणार हाय. मग ब्रश कशाला पुजू? माझा नवरा लढाईवर निघाला तवा त्येची संगीन पुजली. ल्योक निघाला तवा त्येचा पट्टा पुजला. हत्यार पुजल्याबिगर आमच्या घरातनं कोण लढाईला गेलं न्हाई बाबा."

संयोगिताला आठवलं, घरी कप्प्यातल्या तिच्या ब्रशांना काल हळदीचा ठिपकाही नव्हता. तिनं ते पाहिले होते आणि तिला काही कळलं नव्हतं. सगळ्या मुलखात एकाच माणसानं तिचा शब्द खरा मानला होता, शेंगा फोडता फोडता, आणि त्याच माणसावर ती ओरडली होती. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

तिनं सरदाराला उचललं. मुठीत आता तलवार होती. खुर्चीजवळ जाऊन तिनं तो पुढं धरला. "आत्या, एवढा राहिलाय."

सुलाबाईंनी कनवटीची हळदीची पुडी सोडली. काडी नव्हती, म्हणून करंगळीच्या नखानं ठिपका लावला. मग तेच बोट संयोगिताच्या कपाळाला टेकवलं. "जा," म्हणाल्या.

जयराजनं भिंग खिशात टाकलं आणि फासे मेजाच्या तिच्या बाजूला ठेवले. "नियम तो नियम," तो म्हणाला. "फौज पुरी आहे."

मग लढाई झाली. दुपारी जयराजनं उजव्या बगलेचं घोडदळ घाई करून सोडलं, सोडणारच होता, आणि संयोगितानं टेकडीमागं दडवलेले भालाईत बाहेर काढले. त्या झटापटीत जयराजच्या हाताचा धक्का लागून त्याच्याच एका स्वाराचा भाला मोडला. डोळे मेजावर ठेवून त्यानं सवयीनं तो पुढं केला.

"वहिनी, जरा बघा हो एवढं."

संयोगिताच्या मुठीत फासे खुळखुळत होते.

"ठेवा तिथं कडेला," ती म्हणाली. "आत्ता माझी पाळी हाय."