नवरा आला की या

"फोटो तीनदा दिला, आंटी. दे जस्ट लूज इट," अंतरा माझ्या कानाशी कुरकुरली. माझ्या कानाशी, कारण आईशी, सगुणाशी, ती सकाळपासून बोलत नव्हती.

कोर्टाच्या त्या ऑफिसात आमची ही तिसरी खेप. दुबईपलीकडच्या उम्म अल कुवैनहून टॅक्सी करून यायचं, बायकांच्या रांगेत एसीखाली गारठायचं आणि काउंटरवरच्या क्लार्कचं तेच वाक्य ऐकून परतायचं. सगुणाला एकच कागद हवा होता: अंतराची पालक आता आई. तो मिळाला की पोरीचा व्हिसा आईच्या नावावर होणार. नाही मिळाला, तर महिनाअखेरीला पोरगी इंडियात. अठ्ठ्याण्णवचा जानेवारी चालू होता आणि मार्चमध्ये तिची दहावीची बोर्डाची परीक्षा.

आमचा नंबर लागला. पांढऱ्याशुभ्र, पायघोळ अरबी कंदुऱ्यातल्या त्या तरुण क्लार्कने फाइल उघडली, मिटली.

"हजबंड आएगा, साइन करेगा, खलास."

तिसऱ्यांदा! समोर कपाळ मोकळं ठेवून बाई उभी आहे आणि हा म्हणतो नवरा आला की या. माझं डोकंच फिरलं.

"हबीबी, शरम करो थोडी," मी म्हटलं. "क्या लिखा है उसमें? पढ़ो. जोर से पढ़ो."

तो बिचकला. मग अरबी ओळींवर उलट्या दिशेने बोट फिरवत त्याने हिंदीत सांगितलं, "हजबंड छुट्टी पे इंडिया गया. अभी उधर ही है. वापस नहीं आता."

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

अर्ज अरबीत टाइप करून घेतला होता जहूरभाईंच्या टायपिंगच्या दुकानात. सगुणा मराठीत सांगत होती, हिंदी करत होते मी. ती म्हणाली, "हे सुट्टीवर गावी गेले, आणि तिकडेच गेले." मीही तसंच म्हटलं, "छुट्टी पे गाँव गए, और उधर ही चले गए." जहूरभाईंनी विचारलं, "वापस?" मी म्हटलं, "अब कहाँ वापस!" त्यावर ते म्हणाले होते, "ऐसे मर्द बहुत हैं, बाजी." तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. म्हटलं, हा काय बोलतोय!

ग्रामपंचायतीचा मराठी दाखला फाइलला टाचलेला होता. क्लार्कने तो उलटा धरून पाहिला आणि परत ठेवला.

म्हणजे दोन महिने या बाईचा नवरा अरबीत पळून गेलेला होता. आणि पळवला होता आम्ही.

"सुनो," मी सूर उतरवला. "वो... वो नहीं रहे."

"इधर नहीं रहता, मालूम है. किधर रहता?"

"तसं नाही हो! मतलब, ऑफ हो गए."

"ड्यूटी ऑफ?"

"एक्सपायर!" मी जवळजवळ ओरडलेच. "एक्सपायर हो गए!"

त्याचा चेहरा उजळला. "वीजा एक्सपायर? वो दूसरा काउंटर. यल्ला."

मागच्या रांगेतली एक बाई फिसकन हसली. मी इतकी संतापले की रडूच यायला लागलं. कुणाचा राग? त्या पोराचा कसा असणार? त्याच्या कानावर आम्ही एक धड शब्द घातला नव्हता. घातला नव्हता घरीसुद्धा. सगुणाचा दत्ताराम गावच्या अंगणात कोसळला त्या दिवसापासून आम्ही सगळे 'गेले', 'नाहीत', 'असं झालं', एवढ्यावरच भागवत होतो. का, तर पोरगी ऐकतेय.

पोरगी माझ्याशेजारी उभी राहून ऐकतच होती.

"आंटी, प्लीज. जस्ट टेल हिम," अंतरा म्हणाली.

तो शब्द मला येत होता. जिभेवरही आला होता. नाही निघाला. मी सगुणाकडे पाहिलं.

सगुणा पुढे झाली. दोन्ही तळवे तिने काउंटरच्या काचेवर टेकले.

"मर गया," ती म्हणाली. "मेरा आदमी मर गया."